बुबुळावरची साय

"सुरू करा की आता, दोक्तोरा," वेन्सेस्लाओ म्हणाला, आणि डोळ्यांची डॉक्टरीण, दोक्तोरा तिंगसोन, म्हणाली, "झालं, नोंग वेन्से." थोरल्या माणसाला तिकडे नोंग म्हणतात.

कापसाची वात केसाएवढी बारीक पिळून तिने त्याच्या डाव्या बुबुळाला तीनदा लावली होती. वर, खाली आणि अगदी मधोमध. तो मात्र लोखंडी चौकटीवर हनुवटी टेकवून, दात आवळून येणाऱ्या दुखण्याची वाट बघत बसला होता. एखाद्याने काठी घेऊन पुढच्या दारात चोराची वाट बघावी आणि चोराने मागच्या दाराने भांडीकुंडी उचलून न्यावीत, तसं झालं. चिलट डोळ्यात गेलं तर माणूस अख्खी गल्ली डोक्यावर घेतो. इथे वातीचं टोक बुबुळावर फिरून गेलं आणि पापणीने साधी दखल घेतली नाही. वेन्से हसायला गेला, पण हसू अर्ध्यात अडकलं. कारण चाळीस वर्षं तो स्वतः हेच करत आला होता. झुंजीच्या रिंगणामागे, पत्र्याच्या छपराखाली, बादली, सुई आणि दोरा घेऊन बसायचं. फाटलेला कोंबडा कुणी मांडीवर आणून टाकला की आधी पंखाखाली सुईचं टोक टोचायचं. पाखरू दचकलं तर टाके. नाही दचकलं तर पातेलं. एवढा साधा न्याय. त्यावर मालक रडला, भांडला, शिव्या घातल्या, तरी वेन्सेचा निकाल फिरत नसे. नेग्रोस बेटावरच्या उसाच्या पट्ट्यात त्याच्या हाताच्या अशा गोष्टी सांगत की, रस्सा उकळत असताना वेन्सेने दोन टाके घातले आणि कोंबडा पातेल्याचं झाकण उडवून बाहेर आला. ती गोष्ट खोटी होती. पातेलं तेव्हा नुकतंच कोमट झालं होतं.

"दुखत नाही म्हणजे बरं होत आलंय," तो म्हणाला. "असंच ना?"

"दुखत नाही म्हणूनच बरं होत नाही." दोक्तोराने डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळा दिवा लावला. "सात आठवडे झाले. बुबुळावरची साय खरवडली की दुसऱ्या माणसाला ती चार दिवसांत पुन्हा धरते. तुमच्या सायीतलं भोक आहे तेवढंच आहे. उलट कडा गुंडाळल्यात."

"मग त्या तुमच्या थेंबांचं काय झालं? माझंच रक्त काढून त्यातलं पाणी मलाच विकलंत ते."

"थेंब बाहेरून पडतात, नोंग. निरोप आतून जावा लागतो. बुबुळाच्या या काचेत नसा असतात, अंगात कुठे नाहीत इतक्या दाट. इथे भोक पडलंय, माणसं पाठवा, असं त्या कडेला कळवतात. मग कडेची कातडी सरकत सरकत येऊन भोक बुजवते. तुमच्या नसा साखरेने झोपवल्यात. आपल्याला जखम आहे हे तुमच्या डोळ्याला ठाऊकच नाही."

"उठवा मग त्यांना."

"त्या काय उसाच्या फडातल्या मजूर आहेत? हाक मारली की उठतील?" ती हसली, मग हसू पुसून म्हणाली, "पापण्या शिवते. दोन टाके. तीन महिने डोळा आत अंधारात निजू दे. आणि तोवर एकाही कोंबड्याला हात लावायचा नाही. ती पिसं, ती माती, ते रक्त. त्यातला एक जंतू आत शिरला की काच विरघळायला दोन दिवस पुरतात. मग सुई नाही लागत. चमचा लागतो."

"चमचा कशाला?"

"डोळा काढायला."

वेन्सेने चौकटीवरून हनुवटी उचलली. उजवा डोळा दोक्तोराने मागच्या वर्षीच किरणांनी आतून भाजला होता. त्याला माणसं दिसत, पण माणसांच्या मिशा दिसत नसत. कामाचा डोळा हा एकच. त्याच्यावर आता पावसात भिजलेल्या काचेसारखं काहीतरी होतं, तरी दोरा दिसत होता. "रविवारी सणाची झुंज आहे," तो म्हणाला. "सोमवारी येतो. शिवा काय शिवायचं ते."

"सोमवारी डोळा घेऊन आलात तर शिवेन."

बाकोलोद शहरातून गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये तो मागच्या बाकावर बसला आणि त्याला आधी आठवला तो आवाज. आजवर त्याने तो कुणाला सांगितला नव्हता. सात आठवड्यांपूर्वी डोळ्यामागच्या पडद्यावरचं रक्त धुवायला दोक्तोराने डोळ्यात तीन भोकं पाडली होती. डोळा बधिर, पण माणूस जागा. तासाभराने ती परिचारिकेला म्हणाली, काचेवर धुकं आलंय, आतलं दिसत नाही, साय काढते. आणि मग खरवड. पातेल्याच्या बुडाला लागलेला भात बायका जशी उलथन्याने खरवडतात तशी, कर्र कर्र, पण डोक्याच्या आत. दुखलं काही नाही. जणू शेजारच्या घरातलं पातेलं आणि शेजारच्याच घरातली बाई. आता जीपच्या खडखडाटात ती खरवड पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याच्या पोटातून असा राग वर चढला की समोर बसलेल्या शाळामास्तराचं डोकं धरून जीपच्या गजावर आपटावं असं त्याला वाटलं. मास्तराने काही केलं नव्हतं. मास्तर पियाया खात होता, आणि आतला गूळ वितळून त्याच्या हनुवटीवर आला होता. वेन्सेने डोळ्यासमोर ते आपटणं दोनदा पूर्ण केलं. कवटीचा आवाज ऐकला, मास्तराचे दात पायरीवरून घरंगळताना पाहिले, मग तिसऱ्यांदा मास्तराच्या जागी दोक्तोरा आली आणि चौथ्यांदा तो स्वतः. तेव्हा तो शांत झाला. बाहेर उसाने भरलेले ट्रक गिरणीच्या फाटकापाशी रांगेत उभे होते आणि हवेत काकवीचा तो जड, गोड, सडका वास भरला होता. या वासातच तो जन्मला. आई फडात वाकलेली, तिच्या पाठीला तो बांधलेला, आणि रडला की तोंडात उसाचं कांडं. दूध नंतर, आधी ऊस. सातव्या वर्षी कोयता हाती आला. एकदा कोयता निसटून नडगीत हाडापर्यंत गेला, तेव्हा तो एवढा ओरडला होता की बांधावरचा मुकादम घोड्यावरून पडला. ते घोड्यावरून पडणं गावाने तीस वर्षं सांगितलं. आता आठवताना मुकादम नाही, घोडा नाही, ते ओरडणंच त्याला हवंहवंसं वाटलं. केवढं होतं. कुठून आलं होतं. आज ते कुणी पोत्यात बांधून आणून दिलं असतं तर त्याने तोंड उघडून गिळलं असतं.

कोन्सोरसिया दारातच उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या चालीवरून तिला निकाल कळत असे. "काय म्हणाली?"

"पापण्या शिवते म्हणाली."

"मग शिवून का नाही आलास?"

"मेलेल्याचेसुद्धा डोळे मिटतात, कोन्सोर, शिवत नाहीत. शिवतात फक्त कोंबड्याचे, डोळा गेला की. रिंगणात असा गेलो तर पोरं काय म्हणतील? शिवणाराच शिवून आला. पाखरंसुद्धा मांडीवर थांबायची नाहीत."

"पाखरांना काय, ती तुझं थोबाड बघायला येतात?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या, एक डोळा आधीच गहाळ झालाय, दुसरा देवाने हातात काढून ठेवलाय. तो कुठे ठेवायचा ते ठरव. बर्फाच्या पेटीत तुझे रक्ताचे थेंब माझ्या माशांच्या शेजारी ठेवतोस, ते मी काही बोलत नाही. पण काठी धरून तुला संडासाला नेणार नाही हां मी. आत्ताच सांगते."

"नेशील."

"नेईन," ती म्हणाली आणि आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. एक नाही, तीन.

शनिवारची दुपार त्याने कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये बसून काढली. अंगणातली पाखरं एका पायाने बांधलेली, प्रत्येक आपापल्या दोरीच्या वर्तुळाचा राजा; एकाने मान फुगवली की दुसरा फुगवी, आणि दोघांच्या मधली दोन हात जमीन त्यांच्या रागाने तापलेली असे. वेन्सेला हा राग आवडायचा. त्यात कपट नव्हतं. पण आज तो पाखरांकडे बघत नव्हता. दोक्तोराचं वाक्य त्याच्या डोक्यात जात्यासारखं फिरत होतं. नसा झोपल्यात. डोळ्याला ठाऊक नाही. झोपलेलं उठवायचं कसं हे दोक्तोराला शिकवलं नसेल, पण रिंगणात ते शेंबड्या पोरालाही येतं. घाव खाऊन पाखरू मान टाकायला लागलं की धरणारा आल्याचा तुकडा चावतो आणि तोंडातला तो जाळ पाखराच्या नाकावर, चोचीत, शेपटीखाली फुंकतो. मेलं म्हणून ठरलेलं पाखरू डोळे फाडून उठतं. उठून समोरच्याचा कोथळा काढतं आणि मग मरतं. वेन्सेने हे हजार वेळा पाहिलं होतं. हजार पाखरं एका बाजूला आणि शहरात शिकलेली एक बाई दुसऱ्या बाजूला. तो उठला, चुलीमागच्या मडक्यातून जून, तंतूवालं आलं घेतलं, घराच्या मागे केळीच्या आडोशाला गेला आणि दाढेखाली ठेवून कचाकचा चावलं. जीभ पेटली. कानशिलं पेटली. तोंडातला रस त्याने डाव्या तळहातावर थुंकला, दोन बोटांनी डावी पापणी वर ओढली, मान मागे टाकली आणि तळहात उपडा केला.

आभाळ पिवळं झालं. रस गालावर ओघळला तिथे जळालं. पापणीच्या कडेला, नाकपुडीच्या काठाला जळालं. वेन्सेने मुठी वळल्या आणि मधोमध काहीतरी फुटण्याची वाट बघितली. तिथे, जिथे भोक होतं, फक्त एक गारवा आला, दूरच्या गावात कुणी कुणाचं दार ठोठावत असावं इतका दूरचा. त्याने पुन्हा चावलं, पुन्हा ओतलं. मग तिसऱ्यांदा. "ऊठ," तो डोळ्याला म्हणाला. "ऊठ रे रांडेच्या, ऊठ!" आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याने केळीच्या खोडात मारली, खोड मऊ, मूठ मनगटापर्यंत आत गेली आणि चिकट पाणी बाहेर आलं. कोन्सोरसिया परसात आली तेव्हा तो तसाच उभा होता, एक हात झाडात आणि अर्धा चेहरा पिवळा.

"काय करतोयस?"

"काही नाही. डास मारला."

"डास मारायला केळ पाडलीस?" तिने वास घेतला. आल्याचा वास लपत नाही. ती जवळ आली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिचा हात कानशिलात बसेल अशा बेताने वर गेला. मग तो हात तिने आपल्याच तोंडावर ठेवला.

रविवारी रिंगणात तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. पत्र्याखाली लाकडी पाट, शेजारी पाण्याची बादली, दोऱ्याची रिळं, वाकडी सुई. सकाळी उठल्यापासून डाव्या डोळ्यापुढे काचेऐवजी खोबऱ्याचं दूध होतं. पण सुईत दोरा ओवायला त्याने डोळे कधी वापरलेच नव्हते, ओठांनी ओवायचा, असं त्याने स्वतःला सांगितलं. दहा वाजता पहिली जोडी सुटली. लाकडी बाकांवर हजारभर माणसं एकदम उभी राहिली, हात वर, बोटांच्या खुणा, "लालावर! पांढऱ्यावर! लालावर!" आणि त्या गर्जनेखाली दोन पाखरांच्या छात्या एकमेकांवर आदळल्याचा तो ओला, छोटा आवाज, जो वेन्सेला भिंतीमागून नेमका ऐकू येई. कोंबड्याच्या डाव्या पायाला बांधलेली काती बोटाएवढी लांब असते आणि वस्तऱ्याहून धारदार. झुंज म्हणजे तीन उड्या. पहिल्या उडीत पिसं, दुसऱ्या उडीत रक्त, तिसऱ्या उडीत एकाच्या पोटातलं बाहेर. मग पंच दोघांना मानेला धरून उचलतो आणि समोरासमोर धरतो; जो मेल्यावर चोच मारेल तो जिंकला. हो, मेल्यावर. वेन्सेने स्वतः पाहिलंय, एका करड्या पाखराने डोकं तुटून लोंबत असताना दोनदा चोच मारली आणि जिंकलं. कुणाचा विश्वास बसत नसेल तर त्याने बसवू नये, पण त्या पाखराची काती वेन्सेकडे अजून आहे.

दुपारपर्यंत सोळा पाखरं त्याच्या मांडीवरून गेली. नऊ टाक्याला, सात पातेल्याला. बादलीतलं पाणी तीनदा बदललं, तीनदा लाल झालं. हात आपणहून चालत होते. डोळ्यातून पातळ, चिकट असं काही गळत होतं आणि तो ते खांद्याने पुसत होता. आणि मग सेबियो आला. सेबियो मोठ्या मळ्यावरची पाखरं सांभाळायचा, वेन्सेच्या हाताशिवाय दुसऱ्या हाताला पाखरू देत नसे. त्याच्या छातीशी तांबडा कोंबडा होता, छाती गळ्यापासून पोटापर्यंत उसवलेली, आतली निळसर पिशवी हलताना दिसत होती.

"नोंग वेन्से, जिंकलाय हां हा! मारून आलाय. जिवंत दे मला."

"ठेव."

वेन्सेने डाव्या हाताने चिरेच्या कडा जुळवून धरल्या आणि उजव्याने सुई घातली. आत, बाहेर, ओढ. आत, बाहेर, ओढ. पाखराचं काळीज त्याच्या बोटाखाली उंदरासारखं धडधडत होतं. पलीकडे नवी जोडी सुटली होती, गर्जना भिंतीवर आदळत होती, आणि त्याला एकदम बरं वाटलं. किती आठवड्यांनी. सात टाके. गाठ. दाताने दोरा तोडला. "घे तुझा नवरदेव," तो म्हणाला, आणि सेबियोने पाखरू उचललं. पाखराबरोबर वेन्सेचा हातही उचलला गेला.

"सोड की, नोंग."

"सोडलाय."

"अरे हात सोड ना!"

"सोडलाय म्हणतो ना!"

सेबियोने ओढलं. हात पुढे गेला. पाखराने फडफड केली, हाताने फडफड केली. शेजारी काती बांधणारा कातीकर वाकून बघू लागला आणि पोट धरून खाली बसला. "अरे बघा! म्हाताऱ्याने स्वतःलाच शिवून घेतलं!" पंधरा-वीस माणसं जमली. डाव्या तर्जनीच्या पेराच्या मांसातून, नखाच्या खालून, शेवटचे तीन टाके आरपार गेले होते. सुबक, समान अंतरावर. बोटाचं रक्त आणि पाखराचं रक्त एकाच धारेने वेन्सेच्या कोपरापर्यंत आलं होतं. "आता लग्नच लाव दोघांचं!" कुणी ओरडला. "रात्री कोन्सोरसियाने जागा कुठे करायची?" सेबियोलाही हसू आवरेना, पण पाखराची काळजीही होती, त्यामुळे त्याचा चेहरा शिंक अडकल्यासारखा झाला होता. "नोंग, दुखत नाही का तुला?"

वेन्सेने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडातून शब्द आले ते मेल्कोरचे होते. "काही दुखत नाही रे." थोरला भाऊ मेल्कोर. बावीस वर्षांपूर्वी, याच छपराखाली, अशीच दुपार. मेल्कोर पाखरं धरायचा. सुटताना कोंबड्याने पाय झाडला, काती त्याच्या मांडीला लागली, आणि तो पाखरू घेऊन हसत हसत वेन्सेकडे आला, ह्याला आधी बघ म्हणाला. वेन्सेने विचारलं, तुला लागलं का? मेल्कोर म्हणाला, काही दुखत नाही रे. बाकाला टेकून बसला. विडी मागितली. वेन्सेने पाखरू शिवलं, नऊ टाके, जपून, छान, मध्ये मेल्कोरने एक विनोद सांगितला आणि तो अर्धाच राहिला. वेन्सेला वाटलं, विसरला असेल. गाठ मारून त्याने वर बघितलं तेव्हा मेल्कोरच्या पँटचा एक पाय काळा झाला होता, बूट रक्ताने भरून वाहत होता, आणि चेहरा तांदळाच्या पिठासारखा, जराही न दुखणारा. पाखरू त्यानंतर चार झुंजी जिंकलं. त्या विनोदाचा शेवट काय होता ते बावीस वर्षं वेन्से जुळवत आला होता आणि जुळत नव्हता. लोक हसत होते. तो आपल्या बोटाकडे बघत होता. हे बोट त्याचं नव्हतं. डोळ्यातलं ते भोकही त्याचं नव्हतं. त्याच्या अंगातून कुणीतरी खोली खोली करत निघून चाललं होतं, दिवे मालवत, शेजाऱ्यापाजाऱ्याला कळू न देता. आणि तो ओसरीत बसून पाहुण्यांना हसवत होता. त्याने उजव्या हाताने सुरी उचलली. हसणं थांबलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. सेबियो पाखरू घट्ट धरून म्हणाला, "नोंग, सावकाश. नोंग वेन्से. पाखराला लावू नकोस." वेन्सेने पाखराला लावली नाही. बोटाच्या बाजूने सुरी घालून, टाके न तोडता, त्याने बोटच सोडवलं. मांसाची एक चिमूट दोऱ्यासकट कोंबड्याच्या छातीवर राहिली. मग सुरी बादलीत टाकून तो चालू लागला. मागे नवी गर्जना झाली, कुणीतरी जिंकलं होतं.

सोमवारी दोक्तोराने निळा दिवा लावला आणि लगेच विझवला. "काय घातलंत?"

"आलं."

"काय?"

"चावून. तीनदा. तुम्हीच म्हणालात, नसा झोपल्यात."

दोक्तोराने हातातलं पेन भिंतीवर इतक्या जोरात फेकलं की त्याचे दोन तुकडे झाले. मग ती स्टुलावर बसली आणि थोडा वेळ तळहातांनी डोळे दाबून राहिली. "बहुतेक सगळी जाडी गेलीय, नोंग वेन्से. मधोमध कांद्याच्या पापुद्र्याएवढं उरलंय. तुम्ही जोरात शिंकलात तरी फुटेल. शिवते. पण वचन कसलंच देत नाही."

"मीही कधी कुणाला दिलं नाही," तो म्हणाला. "शिवा."

तिने पापण्या बधिर करून शिवल्या. तिचा हात चांगला होता. वेन्सेने अंधारात पडल्या पडल्या तिची गाठ कानाने ऐकली आणि मनातल्या मनात पसंत केली. कडेला एक बारीक फट तिने ठेवली, थेंब घालायला. घरी आल्यावर कोन्सोरसियाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लग्नात यापेक्षा बरा दिसत होतास." मग दर दोन तासांनी, घड्याळ लावून, ती त्याच्या फटीत त्याच्याच रक्ताचे थेंब घालू लागली. तो हलला की गुडघा त्याच्या छातीवर ठेवायची.

सव्वीस दिवस झाले. पियाया बंद, गोड कॉफी बंद, साखर सुईने खाली आणलेली. वेन्से घराच्या पायरीवर बसून राही. मिटलेल्या पापणीआड एक लालसर काळोख होता आणि त्यात तो बघत बसे. कड सरकतेय का? एखादी पेशी, आंधळी, चाचपडत, आपल्या शेजारणीचा पदर धरून पुढे येतेय का? की कडेशी सगळ्या गुंडाळून बसल्यात आणि मध्ये ते भोक खोल चाललंय? काही कळायला मार्ग नव्हता. आतल्या आत खून होत असेल किंवा घर बांधलं जात असेल, दोन्हींचा आवाज सारखाच होता, म्हणजे नव्हताच.

त्या दुपारी सेबियो धावत आला. शर्ट छातीपासून कमरेपर्यंत लाल. हातात पांढरं पाखरू, मानेच्या बुडाशी चीर, आणि चिरेतून ठोक्याठोक्याने उडणारं रक्त. "कुत्र्याने धरलं, नोंग. शेतावरच्या कुत्र्याने. हा झुंजीचा नाही, हा पैदाशीचा आहे. ह्याच्या पोटी पुढची सगळी पाखरं आहेत. तालिसाय गावचा टाकेवाला घरी नाही. एक नस आहे फक्त, बघ, ही बघ, दोन टाके."

"नाही."

"डोळे मिटून घाल. नाहीतरी अर्धे मिटलेलेच आहेत तुझे."

"सेबियो, जा."

"तुझ्या पुढ्यात मरतंय ते!"

"दिसतंय. तेवढं दिसतंय मला."

सेबियोने पाखरू पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला, जणू पाखरू त्याचं कधी नव्हतंच, जणू ते म्हाताऱ्याचंच काम, म्हाताऱ्याच्याच दारात. वेन्सेला अंधुक उजव्या डोळ्यानेही नस कुठे आहे ते नेमकं कळत होतं. दोन बोटांची चिमूट. वाकडी सुई. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. हात मांडीवरून आपोआप उठले, बोटं चिमटीत जुळली. तेव्हा त्याने दोन्ही तळहात ढुंगणाखाली घातले आणि त्यांच्यावर बसला, सगळ्या वजनाने. पाखरू उठलं, सिमेंटवर गोल फिरलं, पडलं, पुन्हा उठलं. त्याने पंख आपटले तेव्हा रक्त वेन्सेच्या नडग्यांवर, बनियनवर, ओठांवर उडालं. त्याने तोंड वळवलं ते फक्त डावी बाजू वाचवायला. दारात कोन्सोरसिया थेंबांची बाटली घेऊन उभी होती. पाखराने चोच उघडली आणि आरवायचा प्रयत्न केला; मानेतल्या चिरेतून हवा फुसकन बाहेर आली, लाल फेस आला, आरवणं आलं नाही. सेबियो रडत होता आणि शिव्या देत होता. "एका डोळ्यासाठी! जो गेलेलाच आहे त्या डोळ्यासाठी! तुझ्या हाताला किडे पडोत, म्हाताऱ्या! आता माझ्या दारी ये, तहान लागली म्हणून ये!" पाखरू फार वेळ मरत राहिलं. मग त्याची नखं पायरीवर एकदा खरडली आणि थांबली. सेबियोने ते पायाला धरून उचललं आणि पाखराची मान मागे लोंबत असताना तसाच रस्त्याने चालत गेला. पुन्हा तो त्या दारी आला नाही.

वेन्से बसूनच राहिला. तळहात बधिर झाले होते, त्याने ते काढून समोर धरले, पायरीच्या सिमेंटचे वण त्यांच्यावर उमटले होते. कोन्सोरसिया पाण्याची बादली आणायला मागे गेली. आणि तेवढ्यात शिवलेल्या पापणीच्या आत, अगदी मधोमध, काहीतरी टोचलं.

वाळूच्या कणाएवढं. तो श्वास धरून थांबला. पुन्हा टोचलं, जरा जास्त, तिखट, त्याचं स्वतःचं. नवी साय नसेला लागली असेल, किंवा जुनी काच आत फुटत असेल. चांगलं टोचणं आणि वाईट टोचणं यांतला फरक दोक्तोराच सांगेल. बादलीचा आवाज जवळ आला. "थेंबांची वेळ झाली," कोन्सोरसिया म्हणाली. "का असा बसलायस? दुखतंय काही?"

वेन्सेने वण उमटलेला हात वर करून तिला आहे तिथेच थांबवलं, आणि हलला नाही.